मेक्सिकोची क्रूझ, जानेवारी-फेब्रुवारी : आईबाबांसोबत जायचंय, सल्ला हवा

सानिका_फ्रीमाँट
नमस्कार मंडळी. आईबाबा सांगलीहून इथे कॅलिफोर्नियात आलेत, एप्रिलपर्यंत आहेत. वेगास, डिस्नी, योसेमिटी हे सगळं मागच्या खेपेला झालं. आता त्यांना ऊन हवंय. इथे रोज ढग आणि पाऊस, बाबा खिडकीशी बसून अक्षरशः कंटाळलेत. म्हणून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याची सात दिवसांची क्रूझ बघतेय : लॉस एंजेलिस, लाँग बीच किंवा सॅन डिएगोहून निघून प्वेर्तो वायार्ता, माझातलान, काबो सान लुकास आणि परत.

माणसं पाच. आम्ही दोघं, मुलगा (७ वर्षं), बाबा ७३, आई ६९. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर काठी घेऊन हळूहळू चालते, जिने जमत नाहीत. आईबाबा शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. बजेट सगळं मिळून ४५०० डॉलर, बंदराचे कर आणि टिपा त्यातच धरून. फक्त पेट्रोल वेगळं. त्याच्या वर खरंच जायचं नाहीये.

आईला तिन्ही बंदरांत उतरता येईल का? बोट लागते का? जेवणाचं काय? आणि फेब्रुवारीत शाळेला सुट्टी असते त्या आठवड्यात जावं की जानेवारीतच? ज्यांनी केलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

मंदार_अर्व्हाइन
आम्ही केलीय, बिनधास्त जा. एकच सांगतो, बाल्कनीशिवाय क्रूझ करू नका. दोन बाल्कनी केबिन शेजारी शेजारी घ्या, मधलं पार्टिशन ते उघडून देतात, मग मोठ्ठी गच्ची मिळते. आम्ही सकाळी चहा घेऊन बसलो होतो आणि समोर काबोची समुद्रातली दगडी कमान! माझे वडील तासभर आत आलेच नाहीत. जाताना जहाजाची डावी बाजू घ्या, किनारा त्या बाजूला असतो. पाच जणांचे सात-साडेसात हजार होतील, पण आईबाबांना घेऊन आपण रोज रोज जात नाही.

चिंगी
वाचतेय. आम्हालाही जायचंय.

शुभदाके
सानिका, मेक्सिकोपेक्षा अलास्का कर. आम्ही जुलैत केली, हिमनदी बघून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उन्हाचं काय, सांगलीला ऊन आहेच की!

मंदार_अर्व्हाइन
शुभदा, त्यांना जानेवारीत जायचंय. अलास्काच्या क्रूझ साधारण मे ते सप्टेंबरच असतात.

दर्यावर्दी
मी बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता सॅन डिएगोला असतो. बोट लागण्याबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल कंपनीच्या जाहिरातीत काही नसतं.

कॅलिफोर्नियापासून बाहा द्वीपकल्पाच्या टोकापर्यंत वारा आणि लाटा बहुतेक वेळा वायव्येकडून येतात. जाताना तुम्ही दक्षिणेला जाता, लाट मागून येते, जहाज आरामात सरकतं. परतताना त्याच लाटेत नाक खुपसून वर यायचं असतं, तेव्हा जहाज पुढेमागे डुलतं. काबोहून निघाल्यावर शेवटची रात्र आणि शेवटचा पूर्ण दिवस हा सगळ्यात हलता भाग. लोकांना वाटतं, आता सहा दिवस झाले, सवय झाली, आणि नेमकं तेव्हाच लागतं. औषध त्या दिवसासाठी राखून ठेवा आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही. ज्येष्ठांना कुठलं औषध द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कानामागे लावायची पट्टी तर अजिबात मनाने लावू नका.

केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्या. पुढच्या टोकाची वरची बाल्कनी महाग आणि सगळ्यात जास्त हलणारी. मध्यावरची, खालची, बिनखिडकीची केबिन पोटासाठी उत्तम, शिवाय तुमच्या बजेटात बसेल.

पहिले दोन दिवस नुसता समुद्र असतो आणि पहिला दिवस चक्क थंड असतो. कॅलिफोर्नियाचा प्रवाह गार पाण्याचा आहे. डेकवर स्वेटर लागतो. बाहाच्या खाली उतरलात की ऊन लागतं. बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

मंदार_अर्व्हाइन
आमची बाल्कनी पुढच्या टोकाला होती, काहीही झालं नाही. माणसामाणसावर असतं.

अपर्णा_एस
मुख्य मुद्दा कोणी बोललंच नाहीये. सानिका, काबोला जहाज धक्क्याला लागत नाही! खाडीत नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. वायार्ता आणि माझातलानला धक्का आहे, तिथे सरळ फळीवरून उतरता येतं.

माझ्या साबांचेही (सासूबाईंचे) गुडघे असेच आहेत म्हणून नीट सांगते. जहाजाच्या पोटातून खालच्या दाराशी जायचं. समोर छोटी बोट हलत असते, मधली फट कधी वीतभर तर कधी हातभर, बोटीची कडाही वरखाली होते. दोन खलाशी दोन्ही दंडांना धरतात. बोट वर आली की एक जण 'नाऊ' म्हणतो आणि त्या क्षणी पाय टाकायचा. साबा थबकल्या. मागे रांग. तेवढ्यात त्यातला एक मुलगा म्हणाला, "आजी, घाबरू नका, माझ्याकडे बघा, पाण्याकडे नको." गोव्याचा होता, पेडण्याचा! त्याच्याकडे बघत त्यांनी पाऊल टाकलं आणि गेल्या पलीकडे. पण येताना पुन्हा तेच करावं लागतं, तोवर पाय दमलेले असतात. त्या दिवशी लाट जास्त असेल तर व्हीलचेअरवाल्यांना आणि ज्यांना स्वतः पाऊल टाकता येत नाही त्यांना पाठवतही नाहीत.

दर्यावर्दी
अपर्णाताईंनी अगदी बरोबर लिहिलंय. भर घालतो : सकाळी वारा कमी असतो. काबोला उतरायचंच असेल तर पहिल्या तासा-दोन तासांत उतरा आणि दुपारच्या आत परत चढा.

विक्रांत_७७
काबोचं नावही काढू नका माझ्यासमोर. लग्नाचा वाढदिवस म्हणून मुद्दाम काबोची ट्रिप घेतली. सकाळी उठलो तर कॅप्टनची घोषणा, लाटा मोठ्या आहेत, काबो रद्द. दिवसभर समुद्रात. भरपाई किती? त्या बंदराचा कर माणशी काही डॉलर खात्यावर परत, बस. क्रूझवाल्यांच्या करारात लिहिलेलंच असतं की बंदर बदलायचा हक्क त्यांचा. बाहेरून बुक केलेल्या बोटवाल्याशी पैसे परत मिळवायला भांडत बसलो ते वेगळंच.

अपर्णा_एस
म्हणूनच टूर जहाजाकडूनच घ्यावी. बंदर रद्द झालं तर ते पैसे परत देतात आणि टूर उशिरा परतली तर जहाज थांबतं.

मंदार_अर्व्हाइन
जहाजाच्या टूर दुप्पट महाग असतात. बाहेर पडून स्वतः ठरवा. काबोच्या मरीनावर काचेच्या तळाच्या बोटी उभ्याच असतात. साधारण १५-२० डॉलरला कमान, सी लायन झोपलेले खडक, पेलिकन सगळं दाखवून आणतात.

अपर्णा_एस
त्या बोटीत चढताना पुन्हा तेच गुडघे ना?

चारूता
सानिका, काबोला मुलाला समुद्रात खेळवायचं असेल तर फक्त मेदानो बीच. लव्हर्स बीचच्या पलीकडची बाजू उघड्या पॅसिफिककडे आहे, तिथल्या लाटा माणूस ओढून नेतात. पाण्यात अजिबात उतरू देऊ नकोस. आमच्यासमोर एका बाईला लोकांनी ओढून बाहेर काढलं. तिथला किनारा दिसायला इतका सुंदर आहे की मुलं पळतातच.

पेठकर
पुण्याहून लिहितोय. एवढे डॉलर खर्च करून मेक्सिको कशाला? आईबाबा परत आल्यावर मुंबई-गोवा क्रूझवर पाठवा. आम्ही जाऊन आलो, जेवण उत्तम, भाषेचा प्रश्न नाही.

सानिका_फ्रीमाँट
सगळ्यांना धन्यवाद! अपर्णा, छोट्या बोटीचं मला माहीतच नव्हतं, खूप उपयोगी. मंदार, सात हजार नाही जमणार हो, बजेट ४५०० च आहे. टिपा किती धरायच्या? आणि जेवण?

हेमाली
टिपा माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या दरम्यान, कंपनीवर आणि केबिनवर अवलंबून. लहान मुलांनाही पूर्ण पडतात! १७ धरलेस तरी पाच माणसं सात दिवस म्हणजे जवळपास ६०० डॉलर. ते तिकिटाच्या जाहिरातीत दिसत नाहीत. बंदराचे कर वेगळे. जुलै २०२५ पासून मेक्सिकोने क्रूझच्या प्रवाशांवर नवा कर लावलाय (सुरुवातीला माणशी ५ डॉलर), तोही बहुतेक त्यातच येतो. म्हणजे तुझ्या ४५०० मधले हजार-बाराशे आधीच गेले असं समज.

जेवणाची काळजी नको. रात्रीच्या मुख्य डायनिंगला बऱ्याच जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण असतं, आधी ईमेल करून ठेव. पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला भेटून 'नो एग' सांगायचं. अर्धा स्टाफ आपलाच असतो. आमच्या वेटरने दुसऱ्या दिवसापासून न मागता डाळ-भात आणला.

शुभदाके
आम्ही थेपले, मेतकूट, चटणी, लोणचं सगळं घेऊन गेलो होतो अलास्काला. छोटी किटलीपण नेली होती, ती मात्र चढतानाच काढून घेतली.

हेमाली
किटली, इस्त्री सगळीकडेच बंद आहे, आगीच्या भीतीने. आणि घरी केलेलं अन्न न्यायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. दुकानातली सीलबंद पाकिटं चालतात. बुफेवर गरम पाणी चोवीस तास मिळतं, चहाची सोय होते. उघडलेलं काही, फळं वगैरे बंदरात उतरवायची नाहीत, आणि परतताना अमेरिकेत तर मुळीच नाही.

शुभदाके
आमचे थेपले कोणी काढले नाहीत.

राहुल_सॅनहोजे
व्हिसाचं कोणी बोललं नाही. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईबाबांचा बी-१/बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा दहा वर्षांचा असेल तर प्रश्न मिटला. पासपोर्ट मूळ हवेत, आय-९४ ची (अमेरिकेत आल्याच्या नोंदीची) प्रिंट बरोबर ठेवा.

विक्रांत_७७
क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्मदाखला पुरतो.

राहुल_सॅनहोजे
ते फक्त अमेरिकन नागरिकांना, तेही त्याच बंदरात परत येणाऱ्या क्रूझला. आपल्या आईबाबांना पासपोर्ट लागणारच. उगाच गोंधळ करू नका.

एच१_वाला
माझा प्रश्न : पासपोर्टवरचा एच-१ व्हिसा (स्टॅम्पिंग) संपलाय, आय-७९७ म्हणजे मंजुरीचं पत्र आहे. ३० दिवसांच्या आत मेक्सिकोहून परत येता येतं ना?

राहुल_सॅनहोजे
अमेरिकेच्या बाजूने ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन, म्हणजे संपलेल्या व्हिसावर परत येऊ देणारी सवलत आहे, काही अटींवर. पण मेक्सिकोच्या बाजूने सवलत आहे ती वैध व्हिसा असलेल्यांना. तुमचा व्हिसा संपलेला असल्यामुळे क्रूझवाले चेक-इनलाच अडवू शकतात. माझ्या मित्राला बंदरातून घरी पाठवलं, बायको-मुलं गेली. मेक्सिकोचा व्हिसा काढा किंवा वकिलाला विचारा. आणि यासाठी वेगळा धागा काढा, इथे सानिकाचा प्रश्न राहून जाईल.

गलबत
थोडं अवांतर, पण राहवत नाही. काबो सान लुकास म्हणजे नुसतं बीच आणि टकिला नाही. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला ते अकापुल्को अशी स्पेनची गलबतं चालायची, रेशीम, मसाले, सुती कापड भरून. पॅसिफिक ओलांडून ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागत आणि मग खाली येत. म्हणजे आज तुमचं जहाज ज्या वाटेने जातं तीच वाट. नोव्हेंबर १५८७ मध्ये इंग्रज थॉमस कॅव्हेंडिशने काबोजवळ टपून बसून 'सांता आना' हे गलबत लुटलं. ती कमान त्याने पाहिली असणार. बाबांना इतिहासाची आवड असेल तर हे नक्की सांगा, त्या खडकांकडे बघायची नजरच बदलते.

पेठकर
आणि मिरची तिथूनच आली आपल्याकडे. पोर्तुगीजांनी गोव्यात आणली.

गलबत
मिरची मूळची मेक्सिकोची हे बरोबर, पण पोर्तुगीजांची वाट अटलांटिकवरून, आफ्रिकेला वळसा घालून होती. पॅसिफिकच्या गलबतांचा त्याच्याशी संबंध नाही. उलट आंबा मात्र फिलिपिन्सहून याच वाटेने मेक्सिकोत गेला, तिथे आजही 'मांगो मनिला' विकतात.

पेठकर
हापूसची सर नाही त्याला.

चारूता
हापूस नसेल, पण माझातलानच्या रस्त्यावर उभ्या चिरलेल्या आंब्यावर लिंबू पिळून लाल तिखट-मीठ भुरभुरून देतात ना, ते खाऊन बघा. शाळेबाहेरच्या कैरीचीच चव. सानिका, आईला नक्की दे. फक्त गर्दी असलेल्या गाडीवरून घे आणि समोर चिरून घे.

आणि माझातलान वगळू नकोस. लोक म्हणतात तिथे काही नाही. मला विचारशील तर तिन्हींत आईसाठी सगळ्यात सोपं तेच. धक्का मालवाहतुकीचा आहे, तिथे चालू देत नाहीत, फुकटची ट्रॉली गेटपर्यंत आणते. बाहेर पुल्मोनिया उभ्या असतात, सगळ्या बाजूंनी उघड्या, चारचाकी, गोल्फकार्टसारख्या. भाडं बसायच्या आधी ठरवायचं, तासावर. आईला बसवायचं आणि समुद्राकडेने फिरवायचं. मालेकोन म्हणजे किनाऱ्याचा रस्ता, तब्बल २१ किलोमीटर आहे. मध्ये एका खडकावरून पोरं समुद्रात सूर मारतात. लाट आत आली की खाली पाणी पुरेसं होतं, तेवढ्याच क्षणात उडी. तो मुलगा वर उभा राहून दोन-तीन लाटा नुसत्या जाऊ देत होता, खाली आम्ही सगळे श्वास रोखून. उडी झाली की वर येऊन टोपी फिरवतात, सुटे पेसो ठेवा. तिथून जुन्या गावात प्लासुएला माचादोला उतरा. झाडांची सावली, भोवती कॅफे, बाकं. आई तिथे तासभर बसेल. दीपगृहावर मात्र जाऊ नका, ती टेकडी १५० मीटरच्या वर आहे आणि शेवटी पायऱ्याच पायऱ्या.

विक्रांत_७७
माझातलान सिनालोआ राज्यात आहे. अमेरिकी परराष्ट्र खात्याची सिनालोआसाठी चौथ्या पातळीची सूचना आहे, म्हणजे 'जाऊ नका'. म्हाताऱ्या माणसांना तिथे फिरवायचा सल्ला देताय?

चारूता
सूचना मलाही माहीत आहे. आम्ही दिवसाढवळ्या मालेकोन आणि जुनं गाव एवढंच केलं, दुपारी परत. कंपनीला धोका वाटला तर ती बंदर आपोआप गाळते.

दर्यावर्दी
सूचना निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा, त्या बदलत असतात. काबोच्या राज्याला दुसरी पातळी, वायार्ताच्या हालिस्कोला तिसरी आणि सिनालोआला चौथी, असं मी शेवटचं पाहिलं तेव्हा होतं. मन धजत नसेल तर माझातलानला जहाजावरच थांबा. रिकाम्या जहाजावरचा दिवस फार छान जातो.

नर्मदा_टेक्सास
मी हॉस्पिटलमध्ये काम करते म्हणून कळकळीने सांगते. आईबाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेर आणि जहाजावर चालतो का, हे कंपनीला ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. जहाजाच्या दवाखान्यात आधी तुमच्या खात्यावर बिल लागतं, मग तुम्ही इन्शुरन्सच्या मागे लागायचं. आणि समुद्रातून रुग्णाला उचलून न्यावं लागलं तर तो खर्च घर विकायला लावणारा असतो. त्यामुळे प्रवासाचा स्वतंत्र विमा, ज्यात मेडिकल इव्हॅक्युएशन आहे, तो घ्याच. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ डब्यांत, प्रिस्क्रिप्शनसकट, हातातल्या बॅगेत. सर्दीच्या ज्या औषधांत स्यूडोएफेड्रिन असतं ती मेक्सिकोत बंद आहेत, बरोबर नेऊ नका.

मंदार_अर्व्हाइन
वायार्ताबद्दल मी लिहितो. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे देवमाशांचा मोसम. बांदेरासच्या उपसागरात हंपबॅक व्हेल पिल्लं घालायला येतात, बोटींना परवानगी ८ डिसेंबर ते २३ मार्च. आम्ही कॅटामरानमधून (दोन तळांची रुंद बोट) गेलो, पाचशे फुटांवर आई आणि पिल्लू. पिल्लू उडी मारायचा प्रयत्न करत होतं आणि प्रत्येक वेळी कुशीवर पडत होतं. छोट्या मोटरबोटी जास्त जवळ जातात पण आदळतात खूप, गुडघेवाल्यांनी मोठी कॅटामरानच घ्यावी. धक्क्याजवळूनच सुटते.

आणि बाल्कनीतूनही दिसतात, म्हणून म्हणत होतो.

अपर्णा_एस
डेकवरूनही दिसतात, फुकट. वायार्ताला जहाज उपसागरात शिरतं आणि बाहेर पडतं तेव्हा वरच्या डेकवर पुढे जाऊन उभं राहायचं.

हेमाली
वायार्ताच्या जुन्या गावाबद्दल : मालेकोनचा मधला भाग गाड्यांना बंद आहे, सपाट आहे, शिल्पं आहेत, उंच खांबावरून दोरीला उलटं लटकून गोल गोल उतरणारे बोलादोर असतात, मुलगा खूश होईल. पण चर्चकडे आणि मागच्या गल्ल्यांत शिरलात की गोटे बसवलेले चढाचे रस्ते. आईला मालेकोनच्या पुढे नेऊ नकोस. धक्क्याच्या आतल्या टॅक्सीला जास्त पडतात, गेटबाहेर येऊन रस्ता ओलांडलात की स्वस्त. बाहेर पडताना 'फ्री टूर, फ्री टॅक्सी' म्हणून हाका मारतात ते टाइमशेअरवाले (सुट्टीच्या घरात वाटा विकणारे), मान वळवायची नाही.

गावात खाताना बीन्समध्ये मान्तेका म्हणजे डुकराची चरबी असते आणि भातात कोंबडीचं पाणी. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका' पाठ करून जा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे भाजलेलं कणीस, फळं आणि साधा चीज केसादिया (दुमडलेल्या पोळीत चीज).

विक्रांत_७७
फोन एअरप्लेन मोडवर टाका!! समुद्रात जहाजाचं स्वतःचं सेल नेटवर्क असतं, रोमिंग लागतं. माझ्या मुलीने एक व्हिडिओ बघितला आणि जे बिल आलं त्यात इकॉनॉमीचं भारताचं एक तिकीट आलं असतं. फोन कंपनीने एक सेंट कमी केला नाही.

चिंगी
आणि घड्याळ? फोन आपोआप बदलतो ना? कुठली वेळ धरायची?

विक्रांत_७७
फोनची वेळ धरा, सोपं.

दर्यावर्दी
अजिबात नाही. हिवाळ्यात लॉस एंजेलिसच्या तुलनेत काबो आणि माझातलान एक तास पुढे, वायार्ता दोन तास पुढे. जहाज घड्याळ बदलतं की नाही हे कॅप्टन ठरवतो आणि आदल्या दिवशी सांगतो. उतरताना दाराशी 'सगळे परत या' ची जी वेळ लिहिलेली असते ती जहाजाची वेळ. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि तेच बघा. विक्रांत, कृपया लोकांना चुकीचं सांगू नका.

शुभदाके
सुट्टीच्या आठवड्याबद्दल : मुलाची शाळा बुडवू नकोस ग. फेब्रुवारीतच जा. आठवडाभर शाळा बुडली की मागे पडतात मुलं.

मंदार_अर्व्हाइन
+१. थोडे पैसे जास्त जातील पण शांतपणे फिराल.

हेमाली
+१.

अपर्णा_एस
मी तर म्हणेन मार्चअखेरपर्यंत थांबा. आणि काबो दोन दिवस असलेल्या क्रूझही असतात, त्या घेऊ नका, आईला दोन्ही दिवस बोटीचा त्रास.

सानिका_फ्रीमाँट
मंडळी, सगळे प्रतिसाद आईबाबांना वाचून दाखवले. काल बुकिंग केलं, म्हणून लिहितेय.

जानेवारीचा शेवटचा आठवडा, लाँग बीचहून, सात दिवस, तिन्ही बंदरं. शाळेच्या सुट्टीच्या आठवड्यात तीच केबिन जवळजवळ दीडपट महाग होती. शिक्षिकेशी बोलले, त्यांनी अभ्यास बरोबर दिलाय. मुलगा दुसरीत आहे, आजी-आजोबांबरोबरचा आठवडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन इंटेरिअर केबिन, समोरासमोर, मध्यभागी, खालचा मजला, लिफ्टपासून चार दारं. टिपा, कर आणि विमा धरून ४४६० झाले. दर्यावर्दी, तुमचा विशेष आभार. नर्मदाताई, आधीच्या इन्शुरन्सवाल्यांचं लेखी उत्तर आलं, जहाजावरचं काही कव्हर नाही, म्हणून वेगळा घेतला.

जहाजाची एकही टूर घेतली नाही. वायार्ताला नवरा आणि बाबा कॅटामरानने देवमासे बघायला, आई, मी आणि मुलगा मालेकोनवर. माझातलानला सूचना वाचून त्या दिवशी ठरवू, पण आईला पुल्मोनियात बसायचंय असं तिने जाहीर केलंय. आणि काबोला ती उतरणार आहे. मी तिला अपर्णाचा प्रतिसाद मुद्दाम दोनदा वाचून दाखवला, की ती जहाजावरच थांबेल. ती म्हणाली, कृष्णेला पाणी असताना नावेत चढले आहे मी, ते दोघं दंड धरायला आहेत ना, मग झालं तर. सकाळच्या पहिल्या बोटीने जाऊ. लाट जास्त असेल तर त्या दाराशीच ठरवू.

मंदार_अर्व्हाइन
इंटेरिअर! सात दिवस खिडकी नाही! अजून रद्द करता येत असेल तर बघा. पैसे भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत अपग्रेडची ऑफर येते.

अपर्णा_एस
आईंना नमस्कार सांग. गुडघ्याचा पट्टा आणि रबरी तळाचे बूट, चप्पल नको. काठी आधी खलाशाच्या हातात द्यायची, मग पाय टाकायचा. दोन्ही हात मोकळे हवेत.

शुभदाके
तरी मी म्हणेन पुढच्या वेळी अलास्का.

चिंगी
सानिका, कुठलं जहाज घेतलंस? विपू (विचारपूस) बघ. आम्हाला एप्रिलमध्येच जमणार आहे, तेव्हा वायार्ताला देवमासे दिसतात का कोणी सांगेल का?